गोळीचा वार

संधिवाताच्या दवाखान्यात माणसं नावापेक्षा गावाने आणि वाराने लक्षात राहतात. कागलच्या सोमवारच्या काकू, गडहिंग्लजचे गुरुवारचे मामा. वार म्हणजे मेथोट्रेक्सेटच्या गोळीचा वार. ही गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची आणि ठरलेला वार सहसा बदलायचा नाही. त्यामुळे रक्त द्यायला कोणी आलं की दंडाला पट्टा बांधायच्या आधी मी विचारते, "तुमचा वार कुठला?"

त्याला कारण आहे. गोळी घेतल्यावर पहिले एक-दोन दिवस एसजीओटी, एसजीपीटी हे यकृताचे आकडे रक्तात थोडे वाढलेले दिसू शकतात आणि मग आपले आपण खाली येतात. म्हणून आमच्याकडे रक्त घ्यायचं ते पुढच्या गोळीच्या एक-दोन दिवस आधी. एकदा एक गृहस्थ बायकोचा रिपोर्ट घेऊन पुण्याहून थेट गाडी काढून आले होते. एसजीपीटी ९२. आकड्याखाली लाल पेनाने दोन रेघा मारलेल्या. बाई गाडीतच बसून रडत होत्या. गोळी सोमवारी रात्री, रक्त मंगळवारी सकाळी. डॉक्टरांनी बाकीचं सगळं विचारून घेतलं आणि रविवारी परत तपासायला सांगितलं. ४१ आलं. गृहस्थ म्हणाले, "आधीची लॅब चोर आहे." लॅबने बरोबरच मोजलं होतं, पण ते काही त्यांना पटलं नाही.

मी नर्स. आधी वॉर्डातल्या रात्रपाळ्या केल्या, मग कोल्हापुरात एका संधिवाततज्ज्ञांकडे लागले ती इथलीच झाले. रक्त काढणं, इंजेक्शन स्वतःचं स्वतः कसं घ्यायचं ते शिकवणं, गोळ्या समजावून सांगणं आणि रिपोर्टची वही ठेवणं हे माझं काम. डॉक्टरांसमोर माणूस मोजकं बोलतो. बाहेर माझ्या टेबलाशी आला की खरं बोलायला लागतो, आणि त्यातलं निम्मं तरी लिव्हरबद्दल असतं. 'यकृत' कोणी म्हणत नाही. "सिस्टर, ह्या गोळीनं लिव्हर खराब होतंय म्हणं?"

'नाही' असं मी कधीच सांगत नाही. होऊ शकतं, म्हणून तर तपासायचं, असं सांगते. सुरुवातीचे तीन महिने दर दोन ते चार आठवड्यांनी, मग थोडं लांबवत, सगळं सुरळीत असेल तर दर तीन महिन्यांनी. यकृताच्या आकड्यांबरोबर हिमोग्लोबिन, पांढऱ्या पेशी, प्लेटलेट आणि किडनीचं क्रिएटिनिन. गोळी सुरू करण्यापूर्वी हिपॅटायटिस बी आणि सी आहे का ते एकदा बघून घ्यायचं. एसजीपीटीची वरची मर्यादा बहुतेक लॅब चाळीसच्या आसपास छापतात. आकडा त्या मर्यादेच्या थोडा वर असेल तर डॉक्टर डोस बघतात, फॉलिक ॲसिड बघतात, परत तपासायला लावतात. तिपटीच्या वर गेला तर गोळी थांबते. मात्र आकडा कशाने वाढला हे रिपोर्टमध्ये छापलेलं नसतं. ते पेशंटकडूनच काढून घ्यावं लागतं, आणि माझी बहुतेक वर्षं त्यातच गेली.

लोकांना पहिला धक्का बसतो तो 'कॅन्सर' ह्या शब्दाने. घरातला कोणीतरी मुलगा मोबाइलवर नाव टाकतो आणि सांगतो, "आई, ही केमोथेरपी आहे." खोटं नाही ते. लहान मुलांच्या रक्ताच्या कॅन्सरसाठी १९४०च्या दशकात अमेरिकेत ज्या औषधांवर काम झालं, त्यातलंच हे एक. आंध्रातून तिकडे गेलेल्या येल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या प्रयोगशाळेचा त्यात मोठा वाटा होता, आणि ते सांगितलं की म्हाताऱ्या माणसांना उगाच थोडं बरं वाटतं, असा माझा अनुभव आहे. संधिवातासाठी अमेरिकेच्या औषध प्रशासनाने त्याला रीतसर मान्यता दिली ती १९८८ मध्ये. कॅन्सरमध्ये हेच औषध कधी कधी ग्रॅममध्ये देतात. आमच्याकडे आठवड्याला साडेसात ते पंचवीस मिलिग्रॅम. औषध तेच, पण मात्रेने त्याचं काम बदलतं. जुन्या डॉक्टरांना मात्र यकृताची धास्ती इतकी होती, की सोरायसिसच्या रुग्णांत ठरावीक एकूण मात्रा पोटात गेली की सुई घालून यकृताचा तुकडा काढून बघत. संधिवातात तसं सरसकट करायची गरज नाही, असं अमेरिकन संधिवाततज्ज्ञांच्या संघटनेने १९९४ मध्ये सांगितलं. त्या सुईची दहशत आमच्या डॉक्टरांच्या गुरूंनी पाहिली होती. आमच्या पेशंटच्या वाट्याला दंडातली बारीक सुई येते, तर तीही लोक चुकवतात.

आता पुडीबद्दल. मेडिकलवाला कात्रीने पट्टी कापतो, खाकी पाकिटात घालतो आणि वर पेनाने खुणा करतो. एक रेघ सकाळची, एक दुपारची, एक रात्रीची. दुपारी नसेल तर शून्य. अक्षर न येणारी आजीसुद्धा ते वाचते. ह्या खुणांच्या भाषेत आठवड्याला जागाच नाही. रात्री एक गोळी अशी खूण केली की ती रोज रात्रीची झाली. त्यात फॉलिक ॲसिडची गोळीही बारीक, पिवळी. मेथोट्रेक्सेटचीही बारीक, पिवळी. कापलेल्या पट्टीवर नाव अर्धं, तारीख गायब.

राधानगरीकडच्या एक आजी अशाच आल्या. तोंड आलेलं, पाणी गिळवत नव्हतं, अंगात ताप. घरचे म्हणत होते, "गरम पडलंय औषध." मी पाकीट मागितलं. पाकिटावर रात्रीची रेघ. दहा-बारा दिवस आजी रोज गोळी घेत होत्या, आणि फॉलिक ॲसिडची गोळी मात्र आठवड्यातून एकदाच, नेमाने रविवारी. अदलाबदल झाली होती. एसजीपीटी थोडंसंच वाढलेलं, पण पांढऱ्या पेशी तळाला गेलेल्या. त्यांना दाखल केलं, फॉलिनिक ॲसिडची इंजेक्शनं दिली, आणि त्या वाचल्या. तेव्हापासून सगळ्यांना बजावून सांगते, की नुसत्या लिव्हरकडे डोळे लावून बसू नका. तोंड आलं, ताप आला, अंगावर निळे डाग दिसले, सुक्या खोकल्याची उबळ येऊन दम लागला, तर त्या आठवड्याची गोळी घेऊ नका आणि आधी फोन करा. लिव्हरच्या भीतीपायी लोक ह्या खुणांकडे बघतच नाहीत. ज्या दुकानातून ती पुडी आली होती त्याला डॉक्टरांनी फोन केला. तो म्हणाला, चिठ्ठीवरचं अक्षर लागत नव्हतं. चिठ्ठी आमची नव्हती, पण अक्षराबद्दल त्याचं चूक नव्हतं. त्या दिवसापासून आमच्या चिठ्ठीवर वाराचं नाव मराठीत, मोठ्या अक्षरात असतं आणि मी पाकिटावर तोच वार परत लिहून पाकीट स्टेपल करते.

आकडा वाढला की माझं पहिलं वाक्य ठरलेलं. "मावशी, पिशवी ओता."

घरात जेवढी औषधं आहेत तेवढी सगळी पिशवीत घालून आणायला सांगते. पिशवी बहुधा साडीच्या दुकानातली. टेबलावर ओतली की संसार दिसतो. एका बाईंच्या पिशवीतून निघालेल्या वस्तू अजून आठवतात. तीन वेगवेगळ्या कंपन्यांच्या दुखण्यावरच्या गोळ्या, तिन्हींच्या पोटात डायक्लोफिनॅक आणि पॅरासिटामॉल. एक गावच्या डॉक्टरांनी दिलेली, एक जावयाने आणलेली, एक शेजारणीला गुण आला म्हणून घेतलेली. शिवाय तापाच्या म्हणून साडेसहाशेच्या पॅरासिटामॉलची वेगळी पट्टी. होमिओपॅथीच्या साबुदाण्यासारख्या गोळ्यांची बाटली. गुळवेलीच्या रसाची बाटली, निम्मी संपलेली. आणि कागदात बांधलेल्या काळपट पुड्या, कसलंही नाव नसलेल्या. त्यांना स्वतःला वाटत होतं की आपण एकच औषध घेतो, आमचं. बाकीचं सगळं त्यांच्या लेखी औषधच नव्हतं. मी कागद घेऊन दिवसभरातलं पॅरासिटामॉल मांडलं, तर ते चार ग्रॅमच्या आसपास गेलं. निरोगी यकृताला जी कमाल मर्यादा सांगतात तीच. मेथोट्रेक्सेट ह्या सगळ्यात एकटंच बदनाम झालं होतं.

काळपट पुड्यांबद्दल मला राग आहे आणि तो मी लपवत नाही. बाजाराच्या दिवशी मिळतात, एसटी स्टँडजवळ मिळतात, कोणीतरी कर्नाटकातून आणतं. चार दिवसांत सूज उतरते. उतरणारच, कारण असल्या पुड्यांत स्टिरॉइड मिसळलेलं असल्याचं तपासण्यांत वेळोवेळी निघालेलं आहे. चेहरा गोल होतो, साखर वाढते, वजन वाढतं, यकृतात चरबी साठते. मग माणूस आमच्याकडे येतो, आम्ही मेथोट्रेक्सेट सुरू करतो, पहिल्याच महिन्यात आकडा वाढलेला येतो आणि गावात बोभाटा होतो की कोल्हापूरच्या डॉक्टरच्या गोळीने लिव्हर गेलं.

गुळवेलीचं जरा नाजूक आहे. कोरोनाच्या काळात घरोघरी काढे उकळत होते. २०२१ मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेल घेतल्यावर यकृताला सूज आलेल्या सहा रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयाने त्यावर आक्षेप घेतला, वनस्पती नक्की तीच होती का असा प्रश्न विचारला. आमचे डॉक्टर त्या वादात पडत नाहीत. त्यांचं म्हणणं एवढंच, की ज्याच्या शरीराची प्रतिकारशक्ती आधीच स्वतःच्या सांध्यांवर उठली आहे त्याने ती वाढवणारं काही घेऊ नये, आणि आकडा वाढलेला असताना तर मुळीच नाही. मला मात्र हे सांगताना शब्द जपून वापरावे लागतात. 'आयुर्वेद बंद करा' असं म्हटलं की समोरचा माणूस पुढच्या वेळी पिशवी आणत नाही, आणि पिशवी आली नाही की मला काहीच कळत नाही. म्हणून मी म्हणते, "एक महिना बाटली फडताळात ठेवा, मग रक्त बघू." बहुतेकजण ऐकतात.

दारूचं प्रकरण ह्याच जातीचं. पूर्वी आमच्याकडे सरळ सांगायचे, एक थेंब चालणार नाही. परिणाम असा, की शिरोलीच्या फाउंड्रीत काम करणारा गडी बायकोच्या देखत शपथेवर सांगायचा, "आपण त्या वाटेला जात न्हाई." आणि आषाढ अमावास्या झाली की पुढच्या आठवड्यातले रिपोर्ट बोलायचे. गटारीनंतरच्या आठवड्यात पुरुषांचे आकडे मी जरा बारकाईने बघते, हे डॉक्टरांनाही ठाऊक आहे. मग आम्ही पद्धत बदलली. बायकोला वजनकाट्याकडे पाठवायचं आणि 'घेता का' असं न विचारता 'किती घेता' असं विचारायचं. ब्रिटनमधल्या एका मोठ्या अभ्यासात, २०१७ मध्ये, मेथोट्रेक्सेट घेणाऱ्यांत आठवड्याला चौदा युनिटपेक्षा कमी दारूने यकृताचे आकडे बिघडण्याचा धोका वाढलेला दिसला नाही. हे मी कोणाला मुद्दाम सांगत नाही, पण कोणी वाचून आलाच तर त्याला युनिटचा हिशोब करून दाखवते. व्हिस्कीच्या एका क्वार्टरमध्ये साधारण साडेसात युनिट असतात. दोन क्वार्टरमध्ये आठवडा संपला. बहुतेकांचा चेहरा पडतो. एकजण म्हणाला, "सिस्टर, मग मी गोळीच आठवड्यातून दोनदा सोडतो." गोळी आठवड्यातून एकदाच असते, हे त्याच्या लक्षात आल्यावर तोही हसला.

ज्यांना दारू माहीत नाही त्यांचं दुःख वेगळं. एक माळकरी बाई, गळ्यात तुळशीची माळ, वारीला जाणाऱ्या, कांदा-लसूणही न खाणाऱ्या. एसजीपीटी सतत सत्तरच्या घरात. फॅटी लिव्हर हा शब्द ऐकून त्यांना आजारापेक्षा अपमान जास्त लागला. "आमच्या सात पिढ्यांत कुणी शिवलं न्हाई, आणि माझं लिव्हर?" गावात बोलायला लागतील ह्या भीतीने त्यांनी सोनोग्राफीचा कागद मुलालाही दाखवला नव्हता. त्यांना साखर होती, आमच्याकडे येण्याआधी बराच काळ स्टिरॉइड घेतलेलं होतं, गुडघे दुखतात म्हणून हालचाल बंद, आणि एकादशीला साबुदाणा, वरीचे तांदूळ, बटाटा, रताळं. फायब्रोस्कॅन केलं. तुकडा वगैरे काढायचा नसतो त्यात, सोनोग्राफीसारखं बरगडीखाली यंत्र टेकवून यकृत किती कडक झालंय ते मोजतात. फार नव्हतं. डॉक्टरांनी डोस कमी केला, साखर ताब्यात आणली, आणि गुडघ्याची सूज उतरल्यावर चालायला लावलं. मला विचाराल तर हल्ली आमच्याकडे आकडे बिघडतात त्यात गोळीपेक्षा चरबीचा हात मोठा दिसतो. पण चरबीचं नाव घेतलं की लोकांना आपल्यावर ठपका आल्यासारखं वाटतं, गोळीचं घेतलं की सुटका होते.

माझ्या कामाची पद्धत मुळापासून बदलली ती एका तरुण शिक्षिकेमुळे. मेथोट्रेक्सेटने पुरेसा गुण येईना म्हणून डॉक्टरांनी जोडीला लेफ्लुनोमाइड दिलं. ही गोळी रोजची. दोन्ही एकत्र असतील तर यकृतावर लक्ष जास्त ठेवावं लागतं, हे तिला सांगितलेलं होतं, लिहूनही दिलेलं होतं. दोन महिन्यांत तिला इतकं बरं वाटलं की ती फळ्यावर वरपर्यंत लिहायला लागली. मूठ वळायला लागली, कपड्यांचा पिळा पिळता यायला लागला. आणि तपासणी बंद झाली. दोन वेळा मी फोन केला. "अगदी छान आहे हो ताई, पुढच्या महिन्यात येते." पुढच्या महिन्यात परीक्षा, मग उन्हाळ्याची सुट्टी.

आली तेव्हा जेवणावरची वासना उडालेली, सतत मळमळ, लघवी गडद. डोळ्यांच्या पांढऱ्यात पिवळी झाक होती, ती मला खिडकीजवळ नेऊन बघितल्यावर दिसली. एसजीपीटी नऊशेच्या वर. गोळ्या त्या क्षणी बंद झाल्या, पण लेफ्लुनोमाइड बंद केल्याने बंद होत नाही. ते पित्तातून आतड्यात उतरतं, तिथून परत रक्तात शोषलं जातं, आणि असं फिरत महिनोन् महिने, कधी कधी दोन वर्षांपर्यंत अंगात राहू शकतं. ते धुऊन काढायला कोलेस्टिरामिन नावाची पावडर देतात. ती आतड्यातलं औषध धरून ठेवते आणि शौचावाटे बाहेर काढते. आठ ग्रॅम, दिवसातून तीनदा, अकरा दिवस. पावडर कोल्हापुरात मिळेना. मिरजेहून थोडी, पुण्याहून थोडी अशी जमवली. ती पाण्यात विरघळत नाही, नुसती कालवून घ्यायची, दाताखाली कचकच येते. आधीच मळमळणाऱ्या माणसाला दिवसातून तीनदा ते पाजणं म्हणजे काय ते तिच्या आईने आणि मी पाहिलं. सफरचंदाच्या रसात कालवून, नाक दाबून, शिव्या खाऊन पाजलं. आकडे उतरायला आठवडे लागले. पोरगी निभावली. लेफ्लुनोमाइडमुळे यकृत निकामी होऊ शकतं असा ठळक इशारा अमेरिकेत २०१० मध्येच औषधाच्या माहितीपत्रकावर घालायला लावलेला आहे, त्यामुळे हे आक्रीत नव्हतं.

तेव्हा माझ्या ध्यानात आलं, की पेशंट दुखत असताना तपासणी चुकवत नाही, बरं वाटायला लागलं की चुकवतो. म्हणून वहीत मी आता वेगळी खूण करते. ज्याने येऊन सांगितलं, "सिस्टर, एकदम झकास," त्याच्या नावापुढे मी पेन्सिलीने फुली मारते. पुढच्या फोनाची यादी त्या फुल्यांची.

उलट टोकाचीही माणसं असतात. शहरातल्या एक काकू, शिकलेल्या, सगळं वाचणाऱ्या. औषधाच्या पाकिटातला तो जपानी घडीचा बारीक अक्षरांचा कागद त्यांनी भिंग लावून वाचला आणि गोळी घ्यायचं सोडून दिलं. आम्हाला सांगितलं नाही. दर तीन महिन्यांनी येत, औषध विकत घेत, आणि घरी ड्रॉवरमध्ये ठेवत. सूज वाढली की बाहेरून दुखण्याची गोळी. नंतर येणंही सोडलं. दोन वर्षांनी आल्या तेव्हा दोन्ही हातांची बोटं करंगळीच्या बाजूला कललेली, मनगट वाकेना, कुकरचं झाकण लावता येईना. मी सवयीप्रमाणे रक्त घेतलं. एसजीपीटी १८. आमच्या वहीतल्या सर्वांत चांगल्या आकड्यांपैकी एक. लिव्हर सांभाळलं होतं त्यांनी. कललेली बोटं आता औषधाने सरळ होणार नव्हती. डॉक्टर त्यांच्यावर रागावले नाहीत, नुसतेच क्ष-किरण फोटो बघत बसले. मला मात्र त्या ड्रॉवरचं फार वाईट वाटलं. पैसे भरून आणलेल्या, एकही न फोडलेल्या पट्ट्या.

कावीळ झाली की आमच्या भागात दोष कोणाला द्यायचा हे आधीच ठरलेलं असतं. २०१२ मध्ये इचलकरंजीत काविळीची मोठी साथ आली. पिण्याच्या पाण्यात सांडपाणी मिसळलं होतं आणि हिपॅटायटिस ई पसरला होता. तिथल्या आमच्या एका पेशंटचे डोळे हळदीचे झाले, एसजीपीटी दीड हजारावर, आणि घरचे तिघेजण गोळीची पट्टी नाचवत दवाखान्यात शिरले. गल्लीत पाच घरं सोडून प्रत्येक घरात कावीळ आहे, हे त्यांना सांगूनही ऐकू येत नव्हतं. हिपॅटायटिस ईची तपासणी पॉझिटिव्ह आल्यावर आवाज खाली आला. गोळी अर्थातच थांबवली. यकृताला सूज असताना ती द्यायची नसते, दोष कोणाचाही असो. मधल्या काळात सासूबाई त्या बाईंना कावीळ उतरवून घ्यायला घेऊन गेल्या होत्या. चुन्याच्या पाण्यात हात धुतले की पाणी पिवळं होतं आणि कावीळ बाहेर पडली म्हणतात. अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे कार्यकर्ते त्यातली चलाखी गावोगाव करून दाखवतात, तरी रांगा असतात. आकडे उतरून काही महिने गेल्यावर गोळी परत सुरू झाली आणि पुढे कधी त्रास झाला नाही. सासूबाईंच्या मते गुण चुन्याचा.

नवरात्रातला एक प्रकार मात्र दरवर्षी मला हसू आणतो. नऊ दिवसांचे कडक उपास करणाऱ्यांपैकी कोणाचं तरी बिलिरुबिन दोनच्या आसपास येतं, बाकी एसजीओटी, एसजीपीटी अगदी ठीक. घरात रडारड. काहींच्या यकृतात जन्मापासूनच बिलिरुबिन हाताळायची गती थोडी मंद असते, गिल्बर्ट सिंड्रोम म्हणतात त्याला, आणि उपास केला की आकडा वर जातो. त्रास काही नाही, उपचारही काही नाही. दसऱ्याला पुरणपोळी खाऊन चार दिवसांनी परत या, असं डॉक्टर सांगतात.

एक गोष्ट सांगायला हवी, कारण ती आमच्या लोकांवर निष्काळजीपणाचा शिक्का मारताना विसरली जाते. गोळी स्वस्त आहे. तपासणी नाही. चंदगडच्या टोकाच्या वाडीवरून येणाऱ्या बाईला दोन एसटी, एक वडाप, दिवसाची मजुरी बुडणार आणि खासगी लॅबचे पैसे. दर तीन महिन्यांनी हे सगळं अशा गोष्टीसाठी करायचं, जी बहुतेक वेळा 'सगळं ठीक आहे' एवढंच सांगते. मी त्यांच्या जागी असते तर चुकवलं असतं. म्हणून आम्ही आता लांबच्या पेशंटना त्यांच्या प्राथमिक आरोग्य केंद्रातच रक्त द्यायला पाठवतो. तिथून नमुने महालॅब ह्या सरकारी योजनेच्या लॅबकडे जातात, पैसे पडत नाहीत, आणि रिपोर्टचा फोटो माझ्या फोनवर येतो. फोटो नेहमी वाकडा, अर्धा सावलीत. मी उलट विचारते: गोळी शेवटची कधी घेतली, ताप किंवा कावीळ आहे का, नवीन काय सुरू केलं, कोणी काय दिलं. एका केंद्रातला लॅबवाला मुलगा सुरुवातीला वैतागायचा. "कावीळ नाही, काही नाही, मग एलएफटी कशाला?" डॉक्टरांनी त्याला औषधाचं नाव आणि तपासणीचं वेळापत्रक लेटरहेडवर लिहून दिलं. त्याने ते भिंतीला चिकटवलं. मागच्या महिन्यात त्याचाच फोन आला, की आमच्याकडे अजून दोन बायका हीच गोळी दुसऱ्या डॉक्टरांची घेतात आणि त्यांचं रक्त वर्षभर कोणी बघितलेलं नाही, घेऊन ठेवू का?